जीपमधून गेलेली हंडी

माझ्या बायकोच्या दिवसकार्याला जावयाने बिअरच्या बाटल्या आणल्या. थर्माकोलच्या पेटीत बर्फ टाकून, वर ओलं पोतं घालून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून आणल्या. पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. आम्ही गोंड. आमच्यात गेलेल्या माणसाला घरच्या हंडीतला पहिला दोना देतात. दोना म्हणजे पानाचा द्रोण. तो मातीत ओततात, मग बाकीचे पितात. आमच्या घरात आता हंडी नाही, हे जावयाला माहीत होतं. म्हणून त्याने डोकं चालवलं.

"मामाजी, हे बी धान्याचंच असते," तो म्हणाला.

मी म्हटलं, पेटी उचल आणि गाडीत नेऊन ठेव. एकही बाटली इथं उघडायची नाही.

पोरगी रडायला लागली. जमलेले लोक आपसात बोलले की म्हातारा बायको गेल्यापासून बिथरला. दुःख आहेच. पंचेचाळीसच्या वर वर्षं जिच्यासोबत काढली ती गेली, तर दुःख कुठी जाईन. पण त्या दिवशी मला दुःखापेक्षा राग जास्त आला. तो अजून उतरला नाही. जावयावर नाही, त्या बाटलीवरही नाही. कोणावर आहे ते सांगायचं तर मागं जावं लागते.

मी चौथी शिकलो. जेवढं लिहिता येते तेवढं लिहितो.

तरणा होतो तेव्हा बांबूच्या कुपात कामाला जात होतो. कूप म्हणजे जंगलाचा तो तुकडा, जिथं त्या वर्षी कटाई असते. एकदा लांब, इंद्रावतीच्या काठापर्यंत गेलो. माझी बायको तिकडची. आमच्या बाजूला मोहाची दारू, तिकडे मोहाचीही असते, पण तिच्या घरी लांदा करायचे. लांदा म्हणजे तांदळाचं. तांदूळ भिजवायचा, कुटायचा, पिठाला वाफ द्यायची, थंड होऊ द्यायचं. मक्याला मोड आणून, वाळवून, दळून त्यात मिसळायचा. मग पाणी घालून हंडीत झाकून ठेवायचं. त्याला भट्टी लागत नाही, नळी लागत नाही, नवसागर लागत नाही. तीन-चार दिवसांत हंडी बोलायला लागते. कान लावला तर आत बारीक बुडबुड ऐकू येते. पांढरं, आंबट, दाट. दोन दोने प्याले की पोट भरते आणि दुपारचं ऊन जरा कमी वाटते.

तिकडे पोरगी सासरी निघाली की आई आपल्या हंडीच्या तळचा गाळ काढून नव्या हंडीत घालून देते. तो गाळ म्हणजे विरजण. तिच्या आईला तिच्या आईने दिलेला, तिला तिच्या आईने. किती पिढ्यांचा ते कोणी सांगू शकत नाही. हंडी राखेनं घासायची नाही, साबण तर लावायचाच नाही. रिकामी झाली तरी मूठभर पीठ टाकायचं, म्हणजे आतलं जिवंत राहते.

लग्न करून आम्ही गावी आलो ते बांबूच्या ट्रकवर बसून. हंडी तिनं पदराखाली मांडीवर धरली होती. ट्रक खड्ड्यात गेला की ती हंडीला दोन्ही हातांनी कवटाळायची. मधे एका ठिकाणी चहाला थांबलो तर ड्रायव्हरने विचारलं, "बाई, लेकरू हाये का मांडीवर?"

तिला मराठी जेमतेम येत होती. ती म्हणाली, "हो. जागं हाये."

ड्रायव्हर पुढं हळू चालवायला लागला. आत काय आहे ते मी त्याला सांगितलं नाही.

आमचं गाव चांदा जिल्ह्याच्या पूर्वेला, गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तेव्हा ते गाव म्हणजे मंगळवारचा बाजार, एक शाळा आणि एक मोठी चिंच. त्या चिंचेखाली बाया हंड्या घेऊन बसायच्या. कोणाची मोहाची, कोणाची शिंदी, आणि एकटीचा लांदा. ती माझी. आता गावात मोठमोठे लोक भाषणात सांगतात की हे शहर रस्त्यानं वाढलं, बसस्टँडनं वाढलं, ऑफिसांनी वाढलं. खोटं आहे. मी पाहिलं ते लिहितो. आजूबाजूच्या खेड्यातला माणूस मीठ घ्यायला बाजारात यायचा, तेल घ्यायला यायचा, आणि घेऊन परत जायचा. तो थांबायचा तो चिंचेखाली. सोयरीक तिथं ठरायची. बैलाचा सौदा तिथं व्हायचा. शिवाराचं भांडण तिथं मिटायचं, कारण हंडीपाशी आवाज चढवायचा नाही असा नियम होता. ज्याचा चढला त्याचा दोना ती पालथा घालायची. मग तो कोणीही असो, पाटील असो, त्याला त्या दिवशी मिळायचं नाही. लोक थांबायला लागले म्हणून भजेवाला बसला, भजेवाल्यामुळे सायकलवाला बसला, मग कापडवाला आला, मग बस थांबायला लागली. असं वाढलं हे गाव.

ऐंशीच्या सालांत गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. आमच्या रस्त्यावर एकदम वर्दळ वाढली. ट्रक, जीपा, सिमेंट, सळया. इकडेही ऑफिसं, क्वार्टर, गोडाऊन बांधायचे ठरले. ठेकेदाराची जीप यायची, मुनीम उतरून विचारायचा, मजूर कुठी भेटतीन. लोक चिंचेकडे बोट दाखवायचे. दुपारच्या सुट्टीत मजूर तिच्याकडे यायचे, दोन दोने लांदा प्यायचे, आणि तेच त्यांचं जेवण. ज्या ऑफिसात बसून पुढं आमच्यावर कागद रंगवले, त्या ऑफिसाच्या विटा लांद्यावर चढल्या. हे कोणत्या भाषणात येणार नाही.

त्या मजुरांत एक गवंडी होता, आमच्या शेजारचा. बौद्ध. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला. तो थेंब पीत नव्हता. चिंचेखाली यायचा, सगळ्यांसोबत बसायचा, आणि ती त्याला दोन्यात पाणी द्यायची. हंडीपाशी आलेल्याला आधी दोना द्यायचा, मग काऊन आले ते विचारायचं, ही तिच्या माहेरची रीत होती. पाहुणा असो, दुश्मन असो, अनोळखी असो. रिकाम्या हातानं उभ्या माणसाशी तिकडे बोलणंच सुरू करत नाहीत.

गवंड्याची बायको मात्र दर उन्हाळ्यात आमच्याकडून वाटीभर गाळ न्यायची. ज्वारीची आंबील आंबवायला. म्हणायची, याच्यानं आंबील छान लागते, पोरं मागून मागून पितात. तिच्या घरी ते मडकं चुलीमागं असायचं.

"भाऊ, आमच्या लांद्याचं लेकरू तुमच्या घरी वाढून राह्यलं," माझी बायको गवंड्याला चिडवायची.

"आमच्या घरी येऊन सुधरलं ते, बाई," तो म्हणायचा. "तुमच्याकडे राह्यलं असतं तं बेवडं झालं असतं."

ती पोट धरून हसायची. तिचं हसणं असं होतं की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. पण आता त्याच्यावर लिहायचं नाही. आता जीपेवर लिहायचं आहे.

बसस्टँडसमोर एक पक्की इमारत उभी राहिली. खाली दुकान, मागं हॉल, हॉलमधे पंखे. नंतर कळलं की बिअर बार होणार. लायसन मिळालं होतं. आमच्या गावात बिअर तोपर्यंत कोणी पाहिली नव्हती. ऑफिसांतले साहेब नागपूरहून, वरोऱ्याहून आणवत असतील, आम्हाला माहीत नाही. बारचं लायसन झालं आणि तोच पावसाळा सरत असताना चिंचेखाली धाड पडली. एकाने दुसऱ्याला सांगितलं असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्याच्या आधी इतकी वर्षं चिंचेखाली हंड्या होत्या आणि कोणाची जीप आली नव्हती.

मंगळवार होता. मी रस्त्यापलीकडे ट्रक भरत होतो, म्हणून सुरुवात मी पाहिली नाही. ती गवंड्याने पाहिली आणि मला सांगितली. पोलिसांची जीप थेट चिंचेखाली थांबली. साहेब उतरले, टोपी काढली, घाम पुसला. बाकीच्या बाया समजल्या आणि पदर सावरून मागं सरकल्या. ही समजली नाही. हिला दिसला एक घामेजलेला माणूस हंडीपाशी उभा, रिकाम्या हातानं. ही उठली. नवा दोना घेतला, भरला, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं केला.

"घ्या दादा. बसा."

साहेबांनी दोना घेतला. नाकाशी नेला. मागच्या शिपायाला म्हणाले, "लिहून घे. स्वतःच्या हाताने दिली."

हिला वाटलं त्याला आवडलं.

"अजून पायजे का?" हिनं विचारलं.

शिपाई हसले. मग त्यांनी लाठ्या घेतल्या. एकेक हंडी फुटायला लागली. मोहाचं, शिंदीचं, सगळं चिंचेच्या मुळाशी वाहिलं. मला आवाज आला आणि मी धावलो. मी पोचलो तेव्हा हिची हंडी तेवढी राहिली होती. मोठी होती, काळीशार, वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही फोडू नका. ही चांगली आहे. कोर्टात दाखवायला घ्या."

पंच पाहिजे होता. त्यांनी गवंड्याला बोलावलं.

"सही येते का?"

"येते."

"दारू पितोस?"

"नाई साहेब. आमच्यात पंचशील हाये."

"मग उत्तम. तूच पंच."

दोन शिपायांनी हंडी उचलली.  हंडी जीपमधे आडवी ठेवायला लागले तेव्हा ही पुढं झाली.

"आडवी नका ठेवू. गाळ सांडन. मांडीवर घ्या."

आणि त्या शिपायाने खरोखर मांडीवर घेतली. अजून डोळ्यांपुढं आहे. खाकी चड्डीतला माणूस, मांडीवर आमची हंडी, आणि जीप निघाली. हिलाही मागं बसवून नेलं. संध्याकाळी सोडलं. घरी आल्यावर हिनं मला एकच विचारलं.

"त्यानं दोना घेतला. मंग हंडी काऊन नेली?"

  कोणाच्या हातून दोना घ्यायचा आणि मग तिलाच धरून न्यायचं, हे कोणत्या जातीच्या माणसाला जमते?

आता यात अडचण काय होती ते सांगतो, नाहीतर लोक म्हणतील एका मडक्यासाठी म्हातारा एवढा काऊन चिडला. धाड पडल्यावर थोड्याच दिवसांत नवं होतं. नवं म्हणजे नवीन धानाचा पहिला भात. ज्या घरात हंडी आहे त्या घरात नव्या तांदळाचा लांदा करून पहिला दोना गेलेल्यांना द्यायचा, मग घरानं नवं खायचं. गेलेल्यांच्या आधी घरच्यांनी तोंड लावायचं नाही. आणि तो दोना त्याच गाळाचा पाहिजे. दुसऱ्याच्या हंडीचं चालत नाही, कारण तिचे गेलेले त्या हंडीला ओळखतात. असं ती म्हणायची. खरं-खोटं मला विचारू नका. मी तिच्यासोबत राहिलो, मला तेवढं खरं आहे.

म्हणून आम्ही ठाण्यात गेलो. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं पीठ होतं. हंडी व्हरांड्यात एका कोपऱ्यात होती, गळ्याला चिठ्ठी बांधलेली. वर झाकण नव्हतं. तिनं लांबून पाहिलं आणि जमादाराला म्हणाली, "तिले खायाले द्याचं हाये. एवढं पीठ टाकू द्या. नाई तं मरन ते."

जमादार आमच्याच भागातला होता. वाईट माणूस नव्हता, पण टिंगलखोर.

"मुद्देमालाले जेवण लागते का बाई? साहेबाले सांगतो मी. भत्ता मंजूर करून घेऊ तिचा."

बाकीचे हसले. ती नाही हसली.

"बरं, कान तं लावू द्या."

"मुद्देमालाले हात लावाचा नाई."

"हात नाई. कान."

तेही करू दिलं नाही. ती पीठ घेऊन परत आली. वाटेत बसस्टँडसमोर बारला रंग लावणं चालू होतं. पाटीवर बाटलीचं चित्र काढत होते, बाटलीच्या बाजूला कणसं. कशाची कणसं ते तेव्हा मला कळलं नाही.

त्या वर्षी आमच्या घरात नवं झालं नाही. मळणी होऊन धान घरात आलं, कणगी भरली, आणि आम्ही दोघं शेजाऱ्यांकडून जुना तांदूळ मागून खात होतो. आमची पोरगी लहान होती, तिला समजत नव्हतं. ती कणगीकडे बोट दाखवायची. शेवटी आईनं पोरगीपुरतं नवं शिजवलं. स्वतः खाल्लं नाही. तिनं नाही खाल्लं म्हणून मीही नाही. शेजारचे म्हणायचे, एवढं काय, खाऊन टाका. त्यांना काय सांगायचं.

बार उघडला तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले. समोर खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या ओळीत तेच साहेब बसले होते. कोणी खोटं म्हणेल तर म्हणो, मी रस्त्यावर उभा राहून पाहिलं. त्यांच्या हातात ग्लास होता, वर फेस. त्यांच्या ग्लासाला कोणी नाक लावून वास घेतला नाही आणि कोणी लिहून घे म्हणाला नाही.

बार ठेकेदाराचाच होता. त्याच्या मुनीमाने मला आत बोलावलं. सगळ्या मजुरांना पहिल्या दिवशी एकेक ग्लास पाजला त्याने, गिऱ्हाईक व्हावं म्हणून. मी प्यालो. थंड होती, कडू होती. वाईट नव्हती. मी खोटं लिहिणार नाही. घशाला बरं वाटलं आणि मनात राग आला, दोन्ही सोबत. वेटर नागपूरचा होता. मी त्याला विचारलं, हे कशाचं करतात. तो म्हणाला, जवाचं. जवाला मोड आणतात, वाळवतात, दळतात, भिजवतात, आणि खमीर टाकून ठेवतात. मोठमोठ्या टाक्या असतात, दहा-दहा माणसं आत मावतील एवढ्या.

मी घरी येऊन तिला सांगितलं.

ती चुलीपाशी होती. ऐकून घेतलं.  मग म्हणाली, "मोड आणते?"

"हो."

"वाळवते, दळते?"

"हो."

"मंग तो लांदाच हाये ना."

"लांदाच समज."

"मंग त्याईची हंडी कोणी काऊन नाई फोडत?"

"त्याईची हंडी लोखंडाची हाये. लाठीनं नाई फुटत."

"तसं नाई," ती म्हणाली. "त्याईच्या हंडीपाशी बाई नसन बसत."

मी तेव्हा हसलो. आता त्यावर हसू येत नाही. तिनं जे सांगितलं ते साऱ्या भाषणवाल्यांपेक्षा बरोबर होतं. चिंचेखाली बाई बसायची आणि कोणाला किती झालं ते तीच ठरवायची. तिसऱ्या दोन्यानंतर ती माणसाचं तोंड पाहायची, घरी लेकरं किती आहेत ते तिला माहीत असायचं, आणि ती म्हणायची, आता घरी जाय. बारमधे असं कोणी म्हणत नव्हतं. बार आल्यावर दोन-तीन वर्षांतच आमच्या गावात पहिल्यांदा माणसं नालीत पडलेली दिसायला लागली. मोहाची करणाऱ्या काही बायाही लपूनछपून करायला लागल्या, आणि लपून केलं की त्यात काय काय पडते ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानं माणसं मेली. ते मी नाकारत नाही. पण जे उघड्यावर, एका बाईच्या नजरेखाली होत होतं ते अंधारात कोणी ढकललं, ते कोणी विचारत नाही.

थंडीत केसचा पुकार झाला. गवंड्याला पंच म्हणून बोलावलं. तो आदल्या दिवशी माझ्याकडे आला. अंगणात उभा राहिला, आत येईना.

"भाऊ, मी खोटं बोलणार नाई."

"मी कुठी म्हणलं बोल म्हणून."

"ते तं म्हणतीन का दोना दिला का. मले दिला म्हणा लागन."

बायको आतून म्हणाली, "दिलाच तं होता. नाई काऊन म्हणाचं? दिला म्हणा ना भाऊ."

कोर्टात तसंच झालं. न्यायाधीश साहेबांनी त्याला विचारलं, ही बाई दारू विकत होती का.

"त्या टायमाले विकत नोती, साहेब. पावण्याले दिला."

"दिला म्हणजे दारूच दिली ना?"

"लांदा दिला."

"पैसे मागितले?"

"नाई. पहिला दोना ते कोणालेच पैशानं नाई देत. मी पेत नाई, तं मले पाणी देते. पण देते."

लोक हसले. न्यायाधीशही थोडे हसले. मग त्यांनी हिला समोर बोलावलं आणि सांगितलं की या वेळी समज देऊन सोडतो, पण विकायचं नाही, करायचंही नाही, घरातसुद्धा नाही. कबूल आहे का. मी मागून म्हणत होतो, हो म्हण, हो म्हण, हंडी तरी सुटन.

"कबूल," ती म्हणाली. अंगठा दिला.

आम्ही त्याच दिवशी ठाण्यातून हंडी घेतली. आता ती व्हरांड्यात नव्हती. मागं संडासाच्या भिंतीजवळ होती. कोणी तरी मधल्या काळात तिच्यात फिनेलचं पाणी करून ठेवलं होतं, फरशा पुसायला. गळ्याची चिठ्ठी तशीच होती. हिनं आत हात घातला, तळाला बोटं फिरवली, बोटं नाकाशी नेली. मग हात पदराला पुसला. टिंगल करणारा जमादार समोरच उभा होता. त्या वेळी तो खाली पाहत होता.

घरी आल्यावर तिनं हंडी उन्हात ठेवली. गरम पाण्यानं विसळली. पुन्हा उन्हात ठेवली. आठ-दहा दिवस हेच चाललं. रोज सकाळी आत नाक घालायची. मग एका सकाळी हंडी उचलली आणि मला म्हणाली, "चला."

आम्ही गावाबाहेर गेलो, जिथं आमच्या लोकांचे दगड उभे आहेत. माणूस गेला की त्याचं भांडं तिथं पालथं ठेवतात. तिनं हंडी पालथी ठेवली. पायानं माती दाबून बसवली. रडली नाही. मला म्हणाली, "मायले आता काय सांगू."

पुढच्या नव्याच्या वेळी मी तिला म्हटलं, नवी हंडी आणू, घरातल्या घरात एकदा करू, कोणाला कळणार आहे.

"मी शब्द दिला ना."

"कोर्टातल्या साहेबाले दिला. तो काय पाहाले येते?"

"साहेबाले दिला, पण माह्या मेलेल्याईनं बी तं ऐकला."

आणि तिनं पाळला. चाळीस वर्षांच्या जवळपास पाळला. दर नव्याला एका दोन्यात साधं पाणी घ्यायची, मातीत ओतायची, आणि हळू म्हणायची, एवढंच हाये. मग आम्ही जेवायचो. माझा राग इथं आहे. ज्यांनी तो शब्द घेतला त्यांनी स्वतःचा कोणताच शब्द संध्याकाळपर्यंतही पाळला नसेल. मधे सरकारने जिल्हाभर दारू बंद केली तेव्हा बारला कुलूप लागलं. मग उघडली तेव्हा कुलूप निघालं, नवा रंग लागला. चिंच कधीच तोडली होती, पार्किंगसाठी. सगळ्यांनी आपापले नियम बदलले. शब्द तेवढा एका अडाणी बाईनं पाळला, जिला विचारणारं कोणी नव्हतं.

तर दिवसकार्याच्या दिवशी, त्याच दगडांपाशी, जावयाने पेटी गाडीत ठेवली आणि लोक माझ्याकडे पाहत बसले. दोना तयार होता. त्यात काय ओतायचं ते माझ्याजवळ नव्हतं. मी म्हटलं, पाणी आणा. ती पाणी द्यायची, तिलाही पाणीच देऊ.

तेवढ्यात गवंड्याची बायको काठी टेकत आली. गवंडी भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. ती आता वाकली आहे. हातात तांब्या, वर पानाचं झाकण.

"भाऊ, पाणी नोका देऊ," ती म्हणाली. "आंबील हाये. तिच्याच गाळाची."

मला समजलं नाही. ती खाली बसली, दम घेतला.

"मोडू नाई दिलं मी. तुमची हंडी पालथी झाल्यावर मडक्याच्या तळचं वाळलेलं भिजवून पाह्यलं, तं जित्तं निघालं. दर उन्हाळ्यात लावते, पावसाच्या आंधी गाळ वाळवून ठेवते. तुमची बाई येत होती ना दुपारची, तुमी कामावर जा तवा."

"काहाले?"

"कान लावाले. मडक्याले कान लावून बसे. मी म्हणो, ने ना बाई वाटीभर, तुहंच हाये. तं म्हणे, मी शब्द देल्ला. इथी जित्तं हाये, तेवढं पुरे."

इतकी वर्षं मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं. तिनं मला काऊन सांगितलं नाही ते मला कळते. मी तो गाळ त्याच दिवशी उचलून आणला असता, हंडी लावली असती, आणि तिचा शब्द मोडला असता.

मी तांब्या घेतला. कान लावला. कान आता नीट ऐकत नाहीत माझे, काही ऐकू आलं नाही. दोना भरला आणि मातीत ओतला. माती ज्वारीसारखी पांढरट झाली, मग आंबील जिरली. जावयालाही दोना दिला, त्याने दोन्ही हातांनी घेतला.

पण ती आंबील होती. लांदा नव्हता. जिनं अख्ख्या गावाला पहिला दोना दिला, जीपमधून उतरलेल्याला पण दिला, तिला शेवटी उसन्या तांब्यातली आंबील मिळाली, तीही एका न पिणाऱ्या घरानं सांभाळली म्हणून. त्या दिवशी मंगळवार होता. घरी परत येताना बसस्टँडसमोर बारच्या दारात गर्दी होती, आणि आत कोणाचा तरी आवाज चढला होता. त्याचा दोना पालथा घालणारं तिथं कोणी नव्हतं.

हंडी अजून तिथंच आहे, दगडांपाशी, पालथी. बाजूला आता बायकोचा घरचा तांब्या ठेवला आहे. मी शब्द दिलेला नाही कोणाला. माझा अंगठा कोणत्या कागदावर नाही. या नव्याला मी गवंड्याच्या बायकोकडून वाटीभर गाळ आणणार आहे. मका मोड यायला टाकला आहे. ज्याला जीप आणायची त्यानं आणावी. आला तर त्याला आधी दोना मिळेल, मग विचारीन, काऊन आले.